घर, शाळा आणि बोली : आदिलाबादचा अनुभव

शिक्षणाच्या प्रसाराविषयी लिहिताना शाळा किती, शिक्षक किती, पटावरील मुले किती, याचा हिशेब नेहमीच मांडला जातो. पालक या हिशेबात येतात ते बहुधा एकाच वाक्यापुरते : "पालक उदासीन आहेत." हे वाक्य इतक्या अहवालांतून आणि इतक्या सहजपणे लिहिले गेले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव या शहानिशेसाठी फार उपयोगी पडतो. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली एकाच आठवडी बाजारात कानावर पडतात, असा हा मुलूख आहे. पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ व चंद्रपूर, दुसऱ्या काठावर आदिलाबाद. नात्यागोत्याचे आणि सोयरिकीचे धागे मात्र दोन्ही काठांवर पसरलेले. अशा प्रदेशात मूल शाळेत जाते तेव्हा ते घराचा उंबरठा ओलांडते, तशी पुष्कळदा भाषेची सीमाही ओलांडते. आईबाप मात्र अलीकडेच उभे राहतात.

मारलवाईचा प्रयोग

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणारे मारलवाई हे डोंगराळ भागातील एक लहानसे गोंड खेडे. १९४३ साली येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्यातून गोंड वस्त्यांवरील शाळांची एक योजना उभी राहिली. या योजनेची पार्श्वभूमी सुखाची नव्हती. जंगल राखीव करण्याच्या निजामी राजवटीच्या धोरणामुळे अनेक गोंड व कोलाम कुटुंबांच्या कसत्या जमिनी सुटल्या होत्या, वस्त्या उठविण्यात आल्या होत्या. त्याविरुद्ध उभे राहिलेले कुमुरम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. या उठावाची कारणे शोधण्याची निकड हैदराबाद सरकारला भासली आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविण्यात आला. हायमेनडॉर्फ हे १९०९ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले. पत्नी बेट्टी यांच्यासह त्यांनी मारलवाईतच मुक्काम केला.

त्या काळच्या गोंड पालकाच्या दृष्टीने लिहिणारा माणूस म्हणजे कोण, याचा विचार केल्याखेरीज पुढची गोष्ट नीट उमगत नाही. लिहिणारा माणूस म्हणजे पटवारी, जंगलखात्याचा शिपाई, नाही तर सावकार. या तिघांच्या हातातला कागद घरात आला की, काही तरी घेऊनच जाई. अंगठा उमटविला तो कशावर, हे अंगठा उमटविणाऱ्याला ठाऊक नसे. अशा माणसाला "मुलाला लिहायला शिकव" असे सांगितल्यावर तो साशंक झाला, तर त्यास उदासीनता म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातच आठ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे घरचा गुराखी, आणि त्याच वयाची मुलगी म्हणजे धाकट्या भावंडांची दुसरी आई. मूल शाळेत पाठविणे याचा अर्थ घरातील एक कामकरी हात कमी करणे, असा होता.

मारलवाईच्या योजनेत या शंकेला वादाने उत्तर देण्यात आले नाही. शिक्षक बाहेरून आणले नाहीत. गोंडांतच मराठीची थोडीफार अक्षरओळख असलेले तरुण तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते; त्यांच्यापासून प्रारंभ झाला. प्रौढ तरुणांना केंद्रात ठेवून लिहावयास, वाचावयास व शिकवावयास शिकविण्यात आले आणि ते आपल्याच लोकांच्या वस्त्यांवर शिक्षक म्हणून गेले. पहिली पुस्तके गोंडी भाषेत तयार करण्यात आली व ती देवनागरी लिपीत छापली गेली. उत्तर आदिलाबादच्या बाजारात आणि व्यवहारात मराठी रुळलेली होती, तेव्हा गोंडीतून देवनागरी शिकलेल्या मुलाला मराठीत शिरणे सोपे जाईल, हा त्यामागील विचार. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. तिची पायरी त्यानंतरची.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या क्रमाचे वर्णन मातृभाषेतून शिक्षण असे केले जाते आणि मुलाच्या आकलनाच्या दृष्टीने त्याचे समर्थन करण्यात येते. ते योग्यच आहे. पण या क्रमाची दुसरी बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. मूल गोंडीतील पाठ मोठ्याने वाचू लागले की, तो चुलीपाशी बसलेल्या आईला समजतो. आईला अक्षर येत नसले तरी मूल अडखळले कोठे, शब्द गाळला कोणता, हे तिच्या कानाला कळते. ती हसते, दुरुस्त करते, पुढे काय झाले म्हणून विचारते. अशा रीतीने निरक्षर आई नकळत शाळेची साहाय्यक होते. हाच पाठ तिला न समजणाऱ्या भाषेत असेल, तर मूल वाचत आहे एवढेच तिला दिसते. बरोबर वाचते की नुसते ओठ हलविते, हे सांगण्याचे साधन तिच्यापाशी उरत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. शाळांचे काम सुरू झाले त्याच सुमारास आदिवासी कुटुंबांच्या नावे जमिनीचे पट्टे करून देण्याचे कामही हाती घेण्यात आले होते. पट्ट्याचा कागद घरात आला आणि तो वाचू शकणारे मूल त्याच घरात तयार होऊ लागले. अक्षराचा उपयोग काय, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर कोणत्याही प्रचारफेरीला देता आले नसते. एरवी लुटणाऱ्याच्या हातातले हत्यार वाटणारे लेखन आता घराच्या राखणीचे साधन झाले. शिक्षण आणि जमीन ही दोन खाती कार्यालयात वेगळी असतात. पालकांच्या घरात ती एकाच पेटीत असतात.

या कामाशी एका मराठी अभ्यासकाचेही नाव निगडित आहे. हैदराबाद संस्थानच्या प्रशासकीय सेवेतील अधिकारी आणि पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले, गोंडी भाषेचा अभ्यास केला, तिचे व्याकरण लिहिले आणि गोंडांविषयी पुस्तकही प्रसिद्ध केले. अधिकाऱ्याने रयतेची बोली शिकावी, ही अपेक्षा आज थोडी जुनी वाटेल. परंतु ज्या शिक्षकाला अगर अधिकाऱ्याला पालकांच्या बोलीतील वीस-पंचवीस वाक्येही येत नाहीत, त्याने पालक सभेत बोलत नाहीत, अशी तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही.

भाषा बदलली तेव्हा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मराठी भाषिक तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. राज्याची भाषा तेलुगू झाली. डोंगरातील शाळांपुढे त्यामुळे मोठा पेच पडला. जे गोंड शिक्षक गोंडी व मराठीच्या आधारे तयार झाले होते, त्यांना नवी भाषा आणि नवी लिपी स्वतः शिकून मग शिकवावी लागणार होती. ज्या पालकांना मुलाचे वाचन कानाने तरी तपासता येत होते, त्यांच्या हातून ते साधनही गेले. राज्यकारभाराच्या दृष्टीने हा बदल अपरिहार्य होता, हे मान्य करावे लागेल. राज्याची भाषा न शिकलेले मूल नोकरीत आणि व्यवहारात मागे पडणार, हेही खरे. पण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी मध्ये जो पूल लागतो, तो पुष्कळ ठिकाणी बांधलाच गेला नाही. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात या भागात पुन्हा आले आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आदिवासींच्या जमिनींप्रमाणेच शिक्षणाच्या स्थितीचाही आढावा घेतला. बेट्टी यांचे १९८७ साली निधन झाले व त्यांची समाधी मारलवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ साली निवर्तले. त्यांच्या अस्थीही २०१२ साली तेथेच शेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी जानेवारीत गावकरी तेथे जमतात.

या शतकाच्या पहिल्या दशकात आंध्र प्रदेशात आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा बहुभाषिक कार्यक्रम हाती घेण्यात आला. गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली या आदिलाबादच्या भाषा त्यात होत्या. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली आणि २०१८ साली त्या लिपीला संगणकाच्या आंतरराष्ट्रीय लिपिसंचात स्थान मिळाले. ही अभिमानाची गोष्ट खरी. तरी लिपीच्या अभिमानापेक्षा मुलाच्या तोंडची भाषा पालकांच्या कानाला ओळखीची वाटणे, ही शाळेच्या दृष्टीने अधिक निकडीची गरज आहे.

मराठी घरांचा प्रश्न

आदिलाबाद, जैनद, बेला, तांसी, तलमडगू या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आलेली आहेत आणि मराठी माध्यमाच्या शाळाही जिल्ह्यात आहेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे राज्यघटनेचे कलम ३५० क सांगते. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे नेमके प्रांतरचनेच्या वेळीच, समाविष्ट झाले. दुसरीकडे तेलंगणाने २०१८ साली कायदा करून सर्व शाळांतून तेलुगू हा विषय पहिलीपासून दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने अनिवार्य केला.

या दोन तरतुदी एकमेकींच्या विरोधी आहेत, असा समज मराठी पालकांत काही वेळा आढळतो. तसे मानण्याचे कारण नाही. आदिलाबादच्या मराठी शेतकऱ्याच्या घरातले पट्टादार पासबुक तेलुगूत असते. मंडल कार्यालयातील सूचना, बसवरील पाटी, दवाखान्यातील फलक ही सारी तेलुगूत. बापाला ही लिपी येत नसेल, तर मुलाचे तेलुगू हा साऱ्या घराचा आधार होतो. मुलाने शाळेत शिकलेल्या तेलुगूने पासबुकातील सर्वे नंबर व क्षेत्र बापाला वाचून दाखवावे, आणि बापाने शिवाराची खूण सांगून ते बरोबर की चूक हे पडताळावे. यात धडा होतो, पडताळणी होते आणि मुलाचे मोलही घरात वाढते. मराठीतून समज पक्की होणे आणि तेलुगूतून व्यवहार पक्का होणे या दोन्ही गोष्टी एका मुलाला साधू शकतात. मात्र पहिलीचा पाया कच्चा राहिला, तर दुसरी नुसती पाठांतराची राहते. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मराठीही सोडून देणाऱ्या पालकांनी याचा शांतपणे विचार करावा.

मराठी शाळा टिकावयाची, तर तिचा पट टिकला पाहिजे. पट टिकावयाचा, तर पालकांचा तिच्यावर विश्वास हवा. आणि शाळेत मराठी जाणणारा शिक्षक नसेल, तर हा विश्वास कोणत्याही सभेने उत्पन्न होणार नाही. शिक्षकाचे पद रिकामे आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पण ते लेखी कोणी कळवीत नाही. हे काम पालकांचे आहे, आणि त्यासाठी कायद्याने त्यांच्या हाती साधन दिलेले आहे.

कायदा काय म्हणतो

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्याच दुरुस्तीने आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्यही ठरले. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमानुसार स्थापावयाच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही या समितीची कामे आहेत. रिकाम्या पदाची गोष्ट या आराखड्यात लेखी आली की, ती केवळ पारावरची कुजबुज राहत नाही.

आंध्र प्रदेशात याआधीही, १९९८ साली, शालेय शिक्षणातील लोकसहभागाचा स्वतंत्र कायदा होऊन पालकांच्या शाळा समित्या आल्या होत्या. तेलंगणात २०२४ साली बचत गटांतील महिलांना घेऊन अम्मा आदर्श पाठशाला समित्या स्थापन करण्यात आल्या व शाळांच्या दुरुस्तीची कामे त्यांच्याकडे देण्यात आली. म्हणजे तरतुदींची वाण नाही. २४ व्या कलमातील एक तरतूद मात्र फार थोड्या पालकांच्या कानी गेलेली आहे : पालकांच्या सभा नियमितपणे घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांना सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पालकाने विचारले तर तो उपद्व्याप करतो असे नव्हे; तो आपल्या हक्काची माहिती मागत असतो.

सभा कशी भरवावी

समितीच्या सभेचे चित्र पुष्कळदा ठरावीक असते. तारीख शाळेच्या सोयीची, वेळ दुपारची, भाषा कार्यालयाची. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी अकरा वाजता कोणती आई शेत सोडून येईल? जी येते ती मागे बसते. मुख्याध्यापक इतिवृत्त लिहून वही पुढे करतात आणि सह्या व अंगठे घेतले जातात. ज्या प्रदेशात अंगठ्याने जमिनी गेल्या, तेथे शाळेच्या वहीवरही न वाचता अंगठा घेतला जावा, हे शोभणारे नाही. लिहिलेले इतिवृत्त उपस्थितांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे, कोणाची हरकत असल्यास ती लिहावी आणि मगच वही पुढे करावी. यास दहा मिनिटे अधिक लागतात.

सभेची वेळ संध्याकाळची, दिवेलागणीनंतरची असावी. अथवा आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा मजुरी बुडत नाही. गावातील पटेल, दवंडी किंवा बचत गट यांच्यामार्फत निरोप द्यावा. भिंतीवर चिकटविलेली सूचना निरक्षर आईसाठी नसल्यासारखीच. दुभाष्याचे काम गावातील दहावी झालेली मुलगी उत्तम करते. तिला सभेत बसवून बोलते करण्याचा आणखी एक लाभ आहे : तिच्या आईच्या शेजारी बसलेल्या इतर आया तो पाहतात.

आणि सभेत शिक्षकाने बोलावे काय? "तुमचा मुलगा कच्चा आहे," असे सांगितले की बाप खाली मान घालतो आणि म्हणतो, "गुरुजी, तुमच्या स्वाधीन केला आहे, मारा, पण शहाणा करा." या उत्तरात गुरुजींविषयी आदर आहे, पण पालकाने आपले अंग काढून घेतलेलेही आहे. मुलास शारीरिक शिक्षा करण्यास कायद्याने मनाई आहे, हे एक. आणि "कच्चा" या शब्दातून घरी काय करावयाचे ते बापाला कळत नाही, हे दुसरे. त्याऐवजी, "हा दोन अंकी बेरीज करतो, पण हातचा विसरतो, बाजारात जाल तेव्हा पैशाचा हिशेब याला करू द्या," असे सांगितले तर बापाच्या हाती काम येते. वर्षातून एक तरी भेट शिक्षकाने मुलाच्या घरी द्यावी. खाटेवर बसून चहा घेताना जे कळते, ते प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात मावत नाही : घरात दिवा कोठे आहे, मूल झोपते कधी, आजी आजारी आहे की काय.

निरक्षर पालक काय करू शकतात

२०११ च्या जनगणनेत अविभाजित आदिलाबाद जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६१ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर दहा माणसांपैकी जवळजवळ चौघांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण अधिक. "आम्हालाच येत नाही, तर मुलाचा अभ्यास काय घेणार?" हा प्रश्न त्यामुळे सर्वत्र ऐकू येतो. तो प्रामाणिक आहे, पण पूर्णपणे खरा नाही.

कापसाचे वजन, आडतीचा हिशेब, बियाण्याचे पाकीट, तुरीच्या ओळींतील अंतर, पावसाच्या नक्षत्रांचा क्रम : गणित आणि निसर्गविज्ञान यांची एवढी सामग्री शहरातील घरात नसते. बाजार समितीत कापूस घातल्यावर मिळणारी वजनाची पावती मुलाकडून वाचून घ्यावी. क्विंटलाचा भाव सांगून एकूण रक्कम त्याला काढू द्यावी आणि मिळालेल्या पैशांशी ती ताडून पाहावी. हिशेब चुकला तर चूक मुलाची की दुसऱ्या कोणाची, हेही कधी कधी उघडकीस येते. आजी-आजोबांच्या कथा मुलाने ऐकाव्यात आणि वहीत उतरवाव्यात. रोज संध्याकाळी मुलाला दप्तर उघडावयास सांगून आजचे पान दाखव म्हणणे, यास अक्षरज्ञान लागत नाही. आठवडाभर तेच पान दिसले, तर काही तरी अडले आहे, एवढे अंगठाबहाद्दर बापालाही कळते.

मुलींच्या बाबतीत एका गोष्टीचा उच्चार करणे भाग आहे. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी थोरलीला घरी ठेवण्याचा प्रघात अजून गेलेला नाही. येथे उपदेशापेक्षा अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ यांचा मेळ घालणे अधिक उपयुक्त ठरते. धाकटे अंगणवाडीत बसले, तरच थोरली शाळेत बसते. ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी वस्तीच्या अंगणात बालवाडी भरविली, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे चरत आणि मुले तेथेच शिकत. पालकांच्या अडचणीला दोष न देता तिच्याभोवती शाळेची रचना करण्याचा हा मराठी मुलखातील वस्तुपाठ आहे.

हंगाम आणि सण

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. याच काळात हजेरीपट ओस पडू लागतो. त्याच दिवसांत गोंड वस्त्यांवर दंडारी आणि गुसाडी यांचा उत्सव असतो, पथके एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि मुलेही मागोमाग जातात. पुष्य अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. या गैरहजेरीबद्दल पालकांना दरवर्षी दोष देण्यापेक्षा चाचण्या या दिवसांच्या मागेपुढे घेणे शहाणपणाचे होय. वेचणीसाठी मूल घरी ठेवण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. सण मुलाला काही देतो; वेचणी त्याचे शिक्षण घेते. पालकांशी बोलताना शिक्षकाने हा भेद स्पष्ट केला, तर त्याचे म्हणणे पालक ऐकून घेतात, कारण सणाला त्याने हरकत घेतलेली नसते.

केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरतो. आदिवासींची गाऱ्हाणी समक्ष ऐकण्याची ही प्रथा हायमेनडॉर्फ यांच्या काळात, १९४० च्या दशकात पडली आणि ती पुढे चालू राहिली. रस्ता, पाणी, जमीन यांच्या तक्रारी तेथे येतात. शाळा समितीने ठराव करून शिक्षकाच्या रिकाम्या पदाचा अगर गळक्या छताचा अर्ज तेथे नेला, तर तो योग्य जागीच नेलेला असेल.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांच्या पालकांची अडचण निराळी. मूल महिनोन् महिने दूर. भेटावयास जावे तर एक दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे खर्ची पडते. भेटीला आलेल्या बापाला फाटकाशी उभे करून मुलाला बाहेर बोलाविणे आणि त्याला वर्गात नेऊन मुलाची जागा, वही व जेवणघर दाखविणे, यांत शाळेला खर्चाचा फरक पडत नाही. मूल सुटीनंतर परत येते की नाही, हे मात्र पुष्कळदा या फरकावर ठरते.

दोन शाळांची गावे

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल यांच्या सीमेवर चौदा गावे अशी आहेत की, त्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये आपला हक्क सांगतात. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर ही त्यांपैकी काही. येथील लोक बहुसंख्येने मराठी बोलतात. दोन्ही राज्यांच्या योजना या गावांत पोहोचतात, आणि मराठी व तेलुगू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळाही तेथे चालतात. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, याचा निर्णय येथील आईबापाला पहिलीच्या वर्गातच घ्यावा लागतो. त्या निर्णयावर पुढे दाखला कोणत्या राज्याचा, वसतिगृह कोठले आणि नोकरीसाठी अर्ज कोणत्या भाषेत, हे सारे अवलंबून असते. इतका अवघड हिशेब दरवर्षी जूनमध्ये करणाऱ्या पालकांविषयी अहवालात उदासीन हा शब्द लिहिणे कठीण जाईल.

या गावांतील दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी एक गोष्ट आपसांत ठरवून करण्याजोगी आहे. दोन्ही शाळांतील पालकांच्या सभा एकाच दिवशी, एकामागून एक घ्याव्यात. दोन्हीकडील पुस्तके एकाच ओट्यावर मांडावीत आणि दोन्हीकडील पुढची वाट पालकांना मराठीत समजावून सांगावी. त्यासाठी आईला एकाच दिवसाची मजुरी बुडवावी लागेल, दोन दिवसांची नाही.